चौथं कडवं

एप्रिल लागला की नाशिकमधल्या आमच्या कॉलनीत आधी बांबू येतात, मग निळं कापड, आणि मग स्पीकर. स्पीकर आले की दुपारची झोप संपली. कुणीतरी माईकवर फुंकर मारतं, ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणतं आणि भिंतीवरच्या पालीसुद्धा दचकतात. पाथर्डी फाट्याकडून येणारी हवा तापलेली असते, गच्च्यांवर कुरडया वाळत असतात, मैदानात पोरी लेझमीचा सराव करताना एकमेकींच्या पायांवर पाय देत असतात. जयंतीला अजून आठ-दहा दिवस असतात, पण कॉलनीच्या अंगात ती आधीच संचारलेली असते. यंदाही सगळं तसंच. काल संध्याकाळी स्पीकरवाल्यानं आवाज तपासायला म्हणून एक गाणं लावलं आणि मी गॅस बंद करून आधी खिडकी लावून घेतली. गाणं आमच्याच बँडचं होतं. त्यातला बास, म्हणजे जाड सुरांची गिटार, मी वाजवला आहे. खिडकी लावली तरी बास भिंतीतून आत येतोच, त्याला इलाज नाही.

बँडचं नाव ‘भंगार’. अंबड लिंक रोडला भंगाराची गोदामं होती, त्यांच्या मागच्या अंगाला बंद पडलेल्या एका वर्कशॉपची पत्र्याची शेड आम्हाला वापरायला मिळाली होती, म्हणून ते नाव. पुढं लोक ‘नावाप्रमाणेच वाजवता’ म्हणायला लागले, तेव्हा आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला हे कळलं. आम्ही तिघं होतो. निखिल गंगापूर रोडचा, डॉक्टरांचा मुलगा. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे बहुतेक वेळा ओरडायचा. आसिफ मालेगावचा, घरी यंत्रमाग; इथं डिप्लोमाला आला होता आणि ड्रम वाजवायचा. आणि बासवर मी, संघमित्रा, अंबडच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या संगीताला ऑल्टरनेटिव्ह मेटल म्हणतात. आईला ते समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मांडणी पडली की असाच आवाज होतो. त्याला शिकायला काय जावं लागतं?”

तात्या म्हणजे माझे वडील. सगळी कॉलनी त्यांना तात्याच म्हणायची. एका कारखान्यात तीस वर्षं ते पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर उभे होते. घरी आले की कपड्यांना तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास यायचा, आणि पहिला अर्धा तास ते सगळ्यांशी मोठ्यानं बोलायचे, कारण कानातली प्रेस अजून बंद झालेली नसायची. हा माणूस गाणी लिहायचा. बाबासाहेबांची, बुद्धाची, रमाईची, संपाची, एकदा तर न येणाऱ्या पाण्याच्या टँकरचंही. कंपनीतल्या जॉब कार्डाची पाठकोरी बाजू हा त्यांचा कागद. काशिनाथकाकांची ढोलकी, कोरसला दोघं-तिघं, अशी त्यांची गायन पार्टी होती, आणि एप्रिल हा त्यांचा हंगाम. महिनाभर आज इथं तर उद्या तिथं. आई त्यांच्या खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या कोंबायची. घसा बसलेले तात्या घरात खुणांनी चहा मागायचे आणि संध्याकाळी स्टेजवर कुठून कोण जाणे त्यांचा आवाज परत यायचा.

या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. गाण्यांचं पुस्तक नाही, कुठं नोंद नाही. गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातं आणि त्या शेवटच्या कडव्यात कवी बसलेला असतो. दुसऱ्या पार्टीनं तुमचं गाणं उचललं तरी चालतं. चाल बदलली तरी चालते. दोन पार्ट्यांचं एकमेकींशी कितीही वाकडं असो, शेवटचं कडवं गाळायचं नाही, समोरच्याचं नाव मोकळ्या गळ्यानं घ्यायचं. तात्या म्हणायचे, “गाणं चोरलं त चोरू द्यावं. भूक लागली असंल त्याला. पण नाव गाळलं म्हंजी माणूस गाळला.”

एकदा ते सटाण्याकडं कुणाच्या लग्नाला गेले होते. तिथं मांडवात कुणी अनोळखी गायक तात्यांचंच गाणं गात होता. तात्या ताट हातात घेऊन मागं उभे. शेवटच्या कडव्यात नाव आलं तेव्हा ते नकळत ‘हां’ म्हणाले. शेजारच्या म्हाताऱ्यानं वळून त्यांच्याकडं पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, “तुम्हीच शेतस का पुंजाराम?” बस, एवढंच. पण हा किस्सा तात्यांनी पुढं पंधरा वर्षं सांगितला. दर वेळी ताटात काहीतरी वेगळं असायचं, कधी बुंदी, कधी शिरा. आई म्हणायची, “आधी जेवायला काय होतं ते ठरवा, मग सांगा.” त्यांचा आनंद मात्र दर वेळी तेवढाच असायचा.

त्या उन्हाळ्याचं मला सगळ्यात आधी काय आठवतं, तर पत्रा. एप्रिलच्या दुपारी आमच्या शेडचा पत्रा ‘टण्’ करून तापायचा आणि सहानंतर ‘टण्’ करून निवायचा. रेकॉर्डिंगमध्ये ते आवाज यायचे. आसपासच्या वर्कशॉपमध्ये प्रेस, ग्राइंडर, कटर अखंड चालू, त्यामुळे एरवी काही रेकॉर्ड करणं अशक्य. शनिवारी कंपन्यांना सुट्टी असते. त्या दिवशी अंबड असं गप्प व्हायचं की रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही चुकल्यासारखं वाटत असावं. मग आम्ही शनिवारी रेकॉर्डिंग करायचो. सकाळी सातला सुरू, ओल्या गोणपाटांनी खिडक्या झाकलेल्या, पंखा बंद कारण त्याचाही आवाज. निखिलच्या केसांतून घाम ओघळून गिटारवर पडायचा. आसिफ बनियनवर वाजवायचा आणि मला पाहून दर वेळी ‘सॉरी, बाजी’ म्हणायचा; बाजी म्हणजे त्याच्याकडची ताई. माझी परीक्षा तोंडावर होती. कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक ॲम्प्लिफायरवर ठेवलेलं असायचं आणि बास वाजला की पानं आपोआप उलटायची. आठ शनिवारांत आठ गाणी झाली. अल्बमला आम्ही नाव दिलं ‘सुट्टीचा वार’.

त्यातलं शेवटचं गाणं तात्यांचं होतं. ‘सडक’. त्यांच्या आईवर, म्हणजे माझ्या आजीवर लिहिलेलं. भागाबाई तिचं नाव. आग्रा रोडच्या कामावर चांदवडच्या बाजूला तिनं कितीतरी वर्षं खडी फोडली. मी तिला पाहिलेलं नाही. तिचा फोटोही नाही. तात्या लहान असताना झाडाला बांधलेल्या झोळीत असायचे आणि घणाचे घाव ऐकत झोपायचे, एवढंच आम्हाला माहीत.

खडी फोडी माय माझी, उन्हाचा घेई पदर,
गाड्या गेल्या भुर्रकन, कुणी घेईना खबर.
ह्या सडकेला विचारा रं, हिच्याखाली कोण हाय?

मी गाणं मागितलं तेव्हा तात्या लाजले. खरंच लाजले. “तुमच्या त्या कल्ल्यात माझं गाणं बसंल व्हय?” म्हणाले आणि दुसऱ्याच शनिवारी डबा घेऊन शेडमध्ये हजर झाले. निखिलला शब्द शिकवायला बसले. निखिलच्या तोंडात ‘कोण आहे’ यायचं. तात्या त्याला थांबवायचे. “हाय म्हण रं बाळा. आहे म्हणून विचारलं की सडकेला वाटतं, सायेब आला. मग ती बोलत नाय.” आम्ही ढोलकीच्या ठेक्यातली एक मात्रा काढून टाकून सातावर आणलं होतं. तात्या मांडीवर ताल धरायचे आणि दर फेरीला अडखळायचे. “एक मात्रा कुठं खाल्ली रं पोरांनो?” आसिफ म्हणाला, “चाचा, आमच्या घरचे दोन माग एकदम चालू झाले ना, तर असाच आवाज येतो. एक थोडा पुढं पळतो.” तात्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. “माग कशाचा! प्रेस हाय ही. जुनी, क्लच घासलेली.” मग दोघं अर्धा तास त्यावर भांडले, डब्यातली कैरीची चटणी खात.

तो शनिवार मी किती वेळा आठवून पाहिला असेल. तात्या इतके खूश मला पुन्हा दिसले नाहीत.

गाण्याला चार कडवी. तीन कडव्यांत प्रश्न, आणि चौथ्यात त्याचं उत्तर:

हिच्याखाली भागाबाई, तिचा घाम, तिची खडी,
लेक तिचा पुंजाराम, गातो शेवटाची कडी.

चारही कडवी आम्ही रेकॉर्ड केली. मग पुढच्या शनिवारी ऐकायला बसलो. तिसऱ्या कडव्यानंतर निखिल ‘हिच्याखाली कोण हाय’ असं ओरडतो, सगळी वाद्यं एकदम थांबतात, आणि एक क्षण नुसती शांतता. अंगावर काटा यायचा. त्यानंतर चौथं कडवं सुरू झालं की तो काटा बसून जायचा. निखिल म्हणाला, “इथंच संपवलं तर? प्रश्नावर? पण तू सांग, गाणं तुझ्या घरचं आहे.”

मी म्हणाले, “काप.”

विचार करायला मी एक मिनिटही घेतलं नाही. दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही म्हणून हे सांगते. मला ते कडवं जुनाट वाटलं होतं. लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात तसं गाण्यावर नाव कशाला? हे एक कारण. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. भागाबाई, पुंजाराम ही नावं आली की ऐकणाऱ्याला आमची वस्ती कळणार, ‘अच्छा, जयंतीवालं गाणं’ म्हणून तो ते एका कप्प्यात टाकणार, आणि मला ते सगळ्यांचं व्हायला हवं होतं. सगळ्यांचं करायच्या नादात मी ते आमचं ठेवलं नाही. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी होती, म्हणून कापलेला तुकडा निखिलनं त्याच दिवशी पुसून टाकला. मी शेजारीच उभी होते, ताक पीत.

अल्बम आला त्या दिवशी मी तात्यांना हेडफोन लावून दिले. ते खुर्चीत ताठ बसले, डॉक्टरकडं बसतात तसे. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. त्यांचे ओठ हलत होते. गाणं थांबलं तरी ओठ हलायचे थांबले नाहीत. मग हळूहळू थांबले. ते वाट पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“पुढं?”

“संपलं, तात्या.”

“हां.” त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली. “वाजवलंय लय भारी. त्या मालेगावच्या पोराला सांग माझ्याकडून.” आणि ते चप्पल घालून बाहेर गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडं बघून ती आत वळली आणि भाकरी थापायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचं ज्यांनी ‘भंगार’ ऐकलंय त्यांना माहीतच आहे. वर्षभरात ‘सडक’चा व्हिडिओ कुठच्या कुठं गेला. पुण्यात वाजवलं, मुंबईत वाजवलं, बंगळूरला आणि शिलाँगलाही जाऊन आलो. ज्यांना मराठीचा गंध नाही अशी पोरं मुठी उंचावून ‘कोण हाय, कोण हाय’ करायची. शिलाँगला पुढच्या रांगेत एक मुलगी डोळे मिटून ते तीन शब्द म्हणत रडत होती. तिला काय कळलं असेल? बहुतेक सगळंच. कुणी विचारत होतं कोण हाय, आणि उत्तर माझ्या एकटीच्या पोटात होतं. मी खाली मान घालून बास वाजवत राहायचे. लोकांना ती माझी स्टाइल वाटायची.

आणि एक झालं. अल्बम इंटरनेटवर चढवायचं काम निखिलच्या एका मित्रानं केलं. गीतकार या रकान्यापाशी तो अडला. गाण्यात नाव नाही, आम्ही त्या दिवशी प्रवासात. त्यानं आपल्या बुद्धीनं लिहून टाकलं, ‘लोकगीत’. ते आम्ही पाहिलंही नाही. मग कुठल्याशा वर्तमानपत्रात आमच्यावर लेख आला, ‘नाशिक परिसरातील एका जुन्या लोकगीताला या तरुणांनी नवं रूप दिलं आहे.’ तात्यांच्या कंपनीतल्या एकानं तो डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, पोरीचं कौतुक म्हणून. तात्या घरी येऊन हसत हसत सांगत होते. “लोकगीत कव्हा व्हतं, ठाव हाय का संगू? लिहिणारा मरून शंभर वर्षं झाली की. म्हंजी मी मेलोय आन् तुमी मला सांगितलं बी नाय.” आई हसली नाही. मीही नाही. एकटे तेच हसत होते. मी त्या रकान्यात दुरुस्ती करून घेतली, नाव घातलं. पण ते रकाने कोण वाचतं? गाणं लोक कानानं ऐकतात.

मग पुढचा एप्रिल आला. आमच्या कॉलनीनं जयंतीच्या कार्यक्रमात दोन गोष्टी ठेवल्या, तात्यांच्या पार्टीचं गायन आणि आमचा सत्कार. बाप-लेक एकाच स्टेजवर, म्हणून कोण कौतुक! निखिल आणि आसिफही आले होते. आमच्या गळ्यात शाली, हातात बाबासाहेबांची तसबीर. दिवेलागणीची वेळ होती. चिंचेच्या झाडात चिमण्यांचा कालवा चालला होता. समोर पोरांची ही गर्दी. ती ‘सडक, सडक’ म्हणून ओरडत होती. तात्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी चमकलेलं दिसलं. ते उठले, काशिनाथकाकांना खूण केली आणि आपल्या चालीत, आठ मात्रांत, ‘सडक’ सुरू केलं.

पोरांनी पहिल्या ओळीपासून उचलून धरलं. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. ‘हिच्याखाली कोण हाय?’ आणि पोरांनी आरोळी ठोकली. उड्या, शिट्ट्या, हवेत गमछे. त्यांच्या लेखी गाणं संपलं होतं. त्यांनी ऐकलेलं गाणं तिथंच संपत होतं. निवेदकालाही तेच वाटलं. त्यानं पुढं होऊन “जोरदार टाळ्या!” म्हटलं आणि स्पीकरवाल्यानं तात्यांचा माईक बंद केला. तात्या चौथ्या कडव्याला सुरुवात करून बसले होते. तोंड उघडलेलं, उजवा हात वर गेलेला. ‘हिच्याखाली भागा...’ एवढं मला ऐकू आलं, कारण मी दोन हातांवर होते. मैदानात ते कुणालाही ऐकू गेलं नाही. तात्यांनी हात खाली आणला. इकडं तिकडं पाहिलं. आणि मग स्वतःच टाळ्या वाजवायला लागले.

मला पुढं जाऊन माईक घेता आला असता. ‘थांबा, गाणं संपलेलं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्या गळ्यात शाल होती, हातात तसबीर होती, आणि हात रिकामे नाहीत ही सबब मी तेव्हा मनातल्या मनात स्वतःला दिली. बाईमाणूस जन्मभर एका कडेवर पोर आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन चालते आणि मला एक तसबीर खाली ठेवता आली नाही.

त्या दिवसाबद्दल आम्ही घरात कधी बोललो नाही. त्यांच्या पार्टीचं गायन ऐकायलाही मी पुन्हा कधी गेले नाही. तात्या माझ्याशी पहिल्यासारखेच वागत राहिले, आणि तेच सहन होत नव्हतं. त्यांनी एकदा चिडावं, चार शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघायचे. ते विचारायचे, “शिलाँगला भात कसा असतो गं? जाड का बारीक?” बँड पुढं चार वर्षं टिकला. मग निखिल बंगळूरला गेला, आसिफच्या अब्बांना अर्धांगवायू झाला आणि माग सांभाळायला तो मालेगावला परतला. मी एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवते. बास कपाटावर आहे, पिशवीत, तिच्यावर आईनं पापडांचा डबा ठेवलाय.

मध्ये एकदा आसिफचा फोन आला होता. मागांच्या खडखडाटात ओरडत होता. “बाजी, ते चौथं कडवं आपण परत करू ना. मी येतो एका शनिवारी. चाचांच्याच आवाजात घेऊ.” मी हो म्हणाले. तात्या तेव्हा रिटायर झाले होते, दम लागायचा, पण गळा शाबूत होता. आज परीक्षेचे पेपर आहेत, पुढच्या महिन्यात बघू, उन्हाळा कमी होऊ दे, असं करत दोन वर्षं गेली. आपली माणसं कुठं जात नाहीत असं आपण धरून चालतो. गेल्या भाद्रपदात, बाहेर पावसाची झिमझिम चालू असताना, तात्या खुर्चीतल्या खुर्चीत गेले. चहा अर्धा प्यायलेला होता.

पुण्यानुमोदनाला कॉलनीचा हॉल भरून गेला. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. फोटोला हार घातले. मग तात्यांच्या पार्टीतली माणसं गायला बसली, कार्यक्रमात बसायची त्याच क्रमानं, मध्ये तात्यांची जागा मोकळी ठेवून. एकेक गाणं, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव. नाव आलं की सगळी पार्टी हात जोडायची. मग काशिनाथकाकांनी ‘सडक’चा ठेका धरला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. ‘हिच्याखाली कोण हाय?’

आणि ढोलकी थांबली.

मला वाटलं काकांना भरून आलं. मी पुढं सरकून हळूच म्हणाले, “काका, चौथं राहिलं.”

काकांनी ढोलकीवरचा हात काढला नाही. “राह्यलं नाय, पोरी. ते आमी म्हणत नाय. त्या जयंतीपासून म्हणत नाय. तात्यांनीच सोडाया लावलं.”

“का?”

“त्ये म्हणले, पोरीचं गाणं जगात जसं वाजतंय तसंच आपुन वाजवू. आपुन निराळं म्हणलो त लोक पोरीला इचारत्याल, हे तुझ्या गाण्यात का नाय? तिला जाब द्यावा लागंल. ती काय सांगंल मग?” काकांनी नाक पुसलं. “मी म्हणलो, तात्या, नाव जातंय की. त म्हणले, जाऊ दे. पोर हाय माझी.”

आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं डोळे मिटून घेतले. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्या पार्टीला माहीत होतं. इतकी वर्षं गावोगाव, दर एप्रिलला, आपल्या आईचं आणि आपलं नाव त्यांनी तोंडातल्या तोंडात गिळून टाकलं होतं, आणि का, तर मला कुणी काही विचारू नये म्हणून.

मी उठून उभी राहिले. गाणारी मी नव्हे, कधीच नव्हते. ‘भंगार’मध्येही माझ्यापुढं कधी माईक नसायचा. काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि ठेका धरला, आठ मात्रांचा, पूर्ण. ‘हिच्याखाली भागाबाई’ म्हणताना आवाज चिरकला, पण ओळ पुरी झाली. मग दुसरी ओळ आली. लेक तिचा... आणि पुढचा शब्द ओठांशी येऊन अडला. अर्जांवर, मार्कशीटवर, शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढं तो शब्द मी हजारदा लिहिला असेल. तोंडानं कधी घेतला नव्हता. बापाचं नाव घेऊन कोण बोलतं? काका ठेका धरून थांबले होते. मी फोटोकडं बघितलं आणि म्हटलं, पुंजाराम. आयुष्यात पहिल्यांदा मी तात्यांना नावानं हाक मारली, आणि ओ द्यायला ते नव्हते.